साडूचं कॉफीयंत्र आणि एक जागरूक नागरिक

माझ्या साडूने एस्प्रेसो कॉफीचं यंत्र विकत घेतलं, ही बातमी बायकोने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता दिली. "धाकटीकडे कॉफीचं मशीन आणलंय म्हणे," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या शर्टाची बाही आत दुमडली. कुणाचं लग्न मोडल्याची बातमीसुद्धा माणूस जरा प्रस्तावना करून देतो.

"कशाला?" मी विचारलं.

"कॉफी करायला."

"कॉफी करायला मशीन लागतं?"

"मला काय विचारता? डॉक्टरांना विचारा."

डॉक्टर म्हणजे माझा साडू. दातांचा डॉक्टर आहे. त्याला जगाने डॉक्टर म्हणावं, माझी ना नाही, पण घरातल्या घरात तरी म्हणू नये असं मला वाटतं. मला कुणी घरात 'हेडक्लार्क' म्हणून हाक मारत नाही. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे आणि त्याच्या डोक्यावर माझ्या दुप्पट केस आहेत. त्याच्या घराला दोन गॅलऱ्या आहेत. हे सगळं मी आजवर मोठ्या मनाने सोसलं, कारण त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. रविवारची सकाळ माझी होती.

दर रविवारी आठच्या ठोक्याला आमचे सासरे माझ्याकडे कॉफीला येत. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. पोस्टात सॉर्टर होते, पस्तीस वर्षं उभं राहून लोकांची पत्रं ज्याच्या त्याच्या खणात टाकली. त्यांच्या घरापासून दोन्ही मुलींची घरं सारख्याच अंतरावर, दोन-दोन बसथांब्यांवर. तरी चौदा वर्षं ते आले ते माझ्याकडे. धाकटीकडे वाढदिवसाला जात, आजारपणाला जात, पण रविवार माझा. आणि याचं कारण माझी कॉफी, याबद्दल निदान माझ्या मनात तरी काडीचीही शंका नव्हती.

माझी कॉफी साधी असते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद. मग भुकटी, जरा जाडसर दळलेली. वर झाकण, चार मिनिटं. मग फडक्यातून गाळायची, आणि गाळताना फडकं पिळायचं नाही. फडकं पिळणाऱ्या माणसांशी मी फारसा संबंध ठेवत नाही. दूध वेगळं गरम करायचं. हे सगळं चालू असताना मी स्वयंपाकघरात कुणाला येऊ देत नाही, बायकोलाही नाही. सासऱ्यांना बाहेर खुर्चीत बसवतो आणि पाठीशी उशी देतो. मग कॉफी यायची, ते घोट घ्यायचे आणि "छान" म्हणायचे. चौदा वर्षांत एकही रविवार 'छान'शिवाय गेला नाही.

तर यंत्र आल्याच्या पहिल्याच रविवारी साडूने सगळ्यांना तिकडेच बोलावलं. ओट्यावर ते यंत्र बसवलेलं होतं. चकचकीत, चौकोनी, पुढे एक दांडा, एक घड्याळासारखा काटा. साडूने हातमोजे घातले होते. कॉफी करायला हातमोजे!

"दादा, तुमची ती साधी कॉफी," तो मला म्हणाला, "वाईट नाही हं. पण तिच्यात पाणी आपल्या पायांनी रमतगमत भुकटीतून खाली येतं. एस्प्रेसोत पाण्याला मागून ढकलायचं. नऊ बार दाब. म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट! भुकटी बारीक, अठरा ग्रॅम, ठोकून बसवलेली. पंचवीस ते तीस सेकंद. की झालं."

खरंच झालं. माझ्या हातात बाहुलीच्या भातुकलीतला असावा एवढा कप आला, आणि तोही अर्धा. पहिला घोट कडू लागला. दुसरा आंबट. तिसरा नव्हताच. मी कप बशीत ठेवला आणि उरलेली कॉफी कधी येते याची वाट पाहत बसलो. तीच संपूर्ण कॉफी होती, हे मला मेहुणीने हळूच सांगितलं. आता इतक्या दिवसांनी कबूल करायला हरकत नाही, अर्ध्या तासाने जिभेवर जे काही रेंगाळत होतं ते फार सुंदर होतं. पण त्या दिवशी मी कुणाजवळ अवाक्षरही काढलं नाही.

आमचे सासरे मात्र गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, दांड्याखालून पडणारी ती बारीक धार पाहत राहिले होते. धार काळी होती, मग तपकिरी झाली, मग पिवळसर. यंत्र बंद झालं, सासरे सरळ झाले आणि म्हणाले, "वा!"

मला चौदा वर्षं 'छान' मिळालं. 'वा' कधीच नाही. 'छान' आणि 'वा' यांत काय फरक असतो, हे ज्याला सासरा आणि साडू दोन्ही आहेत त्याला समजावून सांगायला नको.

पुढच्या रविवारी आठ वाजले, सव्वाआठ वाजले. उशी खुर्चीत तशीच. साडेआठला बायकोचा फोन वाजला. "बाबा धाकटीकडे गेलेत," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी कॉफी केली होती. चार कपांची. ती मी एकट्याने प्यायलो आणि दुपारभर छातीत धडधड घेऊन पडून राहिलो.

"अहो, बाबा तिकडे काय करतात ते ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली.

"त्या घरातलं मला काही ऐकायचं नाही."

"तुम्ही जळताय."

"मी? त्या दातवाल्यावर?"

"फोन करा बाबांना. या म्हणावं."

"मी का करू? मी काय कमी केलं होतं त्यांना?" मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी जळत होतो हे खरंच होतं. रात्रंदिवस जळत होतो. ऑफिसात टाचण्या मोजताना मला नऊ बार आठवत. आरशासमोर दात घासताना तर साडू हटकून आठवे.

माझ्या या अवस्थेची बातमी जिन्याने खाली गेली. आमच्या इमारतीत बातम्या जिन्याने खाली जातात आणि सल्ले जिन्याने वर येतात. पहिला सल्ला समोरच्या शिवणकामवाल्या काकूंचा: कॉफीत चिमूटभर मीठ टाका. दुसरा पुन्हा काकूंचाच: मग मीठ नका टाकू. तिसरा तळमजल्यावरच्या ड्रिलमास्तरांचा. ते शाळेत व्यायामशिक्षक होते, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झालेली नाही. त्यांनी माझी हकिकत उभ्यानेच ऐकली.

"म्हणजे अडलंय कशापाशी? दाबापाशीच ना?" ते म्हणाले. "मग एवढं यंत्र कशाला? माझ्याकडे सायकलचा पंप आहे."

दाब म्हणजे दाब. ट्यूबला चालतो तर कॉफीला का चालू नये, असं त्या क्षणी मलाही वाटलं. एक बाब इथे नमूद करायला हवी. मी बॉयलर तपासणीच्या सरकारी ऑफिसात बावीस वर्षं नोकरी करतो. कारखान्यातल्या बॉयलरला परवाना कसा द्यायचा, त्याचा दाब कसा तपासायचा, झडप कशी असावी, याचे सगळे कागद माझ्या हाताखालून जातात. आमच्या भिंतीवर 'दाबाशी खेळू नका' अशी पाटी आहे आणि ती मीच रंगवून घेतली आहे. तरीही सासऱ्यांच्या गैरहजेरीच्या तिसऱ्या रविवारी सकाळी मी प्लॅस्टिकच्या जाड बाटलीच्या बुडाला भोक पाडून तिथे जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह चिकटवत होतो.

बाटलीत गरम पाणी भरलं. तोंडाशी फडकं, त्यात अठरा ग्रॅम बारीक भुकटी, दोऱ्याने आवळून बांधलेली. बाटली उलटी मी धरली, खाली कप. बायकोला सेकंद मोजायला उभं केलं. ती का उभी राहिली हे मला अजून कळलेलं नाही. ड्रिलमास्तरांनी पंप जोडला, शिट्टी वाजवली आणि सुरुवात केली.

"एक-दोन! एक-दोन! खांदे मागे! एक-दोन!"

"दहा सेकंद," बायको म्हणाली.

फडक्यातून काही येईना. बाटली हळूहळू गोल होऊ लागली.

"वीस सेकंद. अहो, ती बाटली बघा."

"येणार, येणार!" मी ओरडलो, कारण एक थेंब आला होता. त्यामागून दुसरा आला. मी आयुष्यात काढलेले एस्प्रेसोचे थेंब एकूण दोन. ते मी नीट पाहूही शकलो नाही, कारण तेवढ्यात दोरा सुटला. कॉफी वर कशी गेली, हे बाटली उलटी असल्याचं लक्षात घेता आजही उलगडत नाही. पण ती छताला लागली, ड्रिलमास्तरांच्या पांढऱ्या बनियनला लागली, आणि बायकोने नुकत्याच घातलेल्या घड्यांच्या पूर्ण ढिगाला लागली. कुणाला भाजलं नाही हे नशीब. पाणी तोवर निवलं होतं.

मास्तरांनी बनियनकडे पाहिलं. "दाब होता," ते म्हणाले, "शिस्त नव्हती." आणि पंप घेऊन खाली गेले.

बायकोने बादलीत साबण कालवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी स्टुलावर चढून छत पुसत होतो आणि पुसता पुसता मला वाटलं, या क्षणी तिकडे सासरे कप उचलून 'वा' म्हणत असतील. आणि तिथेच, स्टुलावर, ओलं फडकं हातात असताना, माझ्या मनात तो विचार आला. नऊ बार! घरात! परवाना कुठे आहे?

नियमात लहान भांड्यांना सूट आहे. ते पोटकलम मला तोंडपाठ होतं, पण जळणाऱ्या माणसाने पोटकलमं वाचायची नसतात. माझी मागणीही काही अघोरी नव्हती. साडूला तुरुंगात टाका असं माझं म्हणणं नव्हतं. आमच्या ऑफिसाची रीत अशी, की तक्रार आली की खुलासा मागवायचा, आणि खुलासा येऊन, वाचून, त्यावर पुन्हा खुलासा मागवून निकाल लागायला सहा महिने जातात. तोवर उपकरण बंद. मला फक्त सहा महिन्यांचे रविवार हवे होते. तेवढ्यात सासऱ्यांची सवय मोडली असती.

सोमवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी अर्ज टाइप केला. "विषय: निवासी इमारतीत विनापरवाना दाबपात्र चालवले जात असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, खालील पत्त्यावरील इसम आपल्या राहत्या घरी उच्च दाबाचे उपकरण चालवीत असून त्यायोगे ज्येष्ठ नागरिकांच्या जीवितास धोका संभवतो. सबब खुलासा प्राप्त होईपर्यंत सदर उपकरण बंद ठेवण्याबाबत आदेश व्हावेत. आपला, एक जागरूक नागरिक." 'ज्येष्ठ नागरिकांच्या' हे शब्द मी जरा हळुवारपणे टाइप केले. अर्ज पाकिटात घालून मी दूरच्या पेटीत टाकला. दोन दिवसांनी तो माझ्याच टेबलावर आला, आणि मीच त्याच्यावर आवक शिक्का मारला.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबातून सुटली होती. आमचे जुने साहेब जाऊन नवे साहेब येऊन तीन महिने झाले होते. जुन्या साहेबांच्या टेबलावर कागद आला की तो तिथेच संसार थाटायचा. नवे साहेब रोज साडेदहाला टपाल स्वतः वाचतात. ही वाईट सवय त्यांना कुठल्या ऑफिसात लागली कोण जाणे.

"हेडक्लार्क, हा अर्ज पाहिलात?" त्यांनी मला आत बोलावलं. "किती मुद्देसूद! साध्या नागरिकाला 'दाबपात्र' हा शब्द माहीत असावा, याचा मला आनंद होतो."

"हो साहेब. खुलासा मागवू या का?"

"खुलासा? जीविताला धोका म्हणतोय माणूस. आपण रविवारी सकाळीच जाऊ. घरी सापडतील."

"साहेब, पत्त्यावरून असं दिसतं की… ते माझे साडू लागतात. माझं येणं बरं दिसणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "उलट तुम्ही यायलाच हवं. नातेवाईक म्हणून सोडून दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. फाइल घेऊन या. आणि मोजपट्टी."

तर चौथ्या रविवारी, आठच्या ठोक्याला, काखेत फाइल आणि खिशात मोजपट्टी घेऊन मी साडूच्या दारात उभा होतो. साहेबांनी घंटी वाजवली. दार मेहुणीने उघडलं. "भाऊजी! आलात एकदाचे!" ती आत वळून ओरडली, "बाबा, भाऊजी आले!"

आत गर्दी होती. इमारतीतले पाचसहा शेजारी खुर्च्यांवर, स्टुलांवर, जमेल तिथे बसले होते. साडूही त्यांच्यातच, हातात रिकामा कप घेऊन रांगेत. आणि ओट्याशी, दवाखान्यातला पांढरा एप्रन घालून, नाकावर चष्मा सरकवून, आमचे सासरे उभे होते. समोर छोटा तराजू, बाजूला घड्याळ. त्यांनी भुकटी तोलली, चिमूटभर काढली, पुन्हा तोलली. दांड्यात भरून ठोकून बसवली. बटण दाबलं आणि घड्याळाकडे पाहत राहिले. एवढा ताठ उभा राहिलेला हा माणूस मी चौदा वर्षांत पाहिला नव्हता. माझ्याकडे ते नेहमी उशीला टेकून बसत.

भिंतीवर त्यांनी लाकडी खणांची मांडणी ठोकली होती, पोस्टातल्यासारखी. प्रत्येक खणावर शेजाऱ्यांचा दारनंबर, प्रत्येक खणात त्या त्या शेजाऱ्याचा कप.

"या, या जावईबापू!" त्यांचा चेहरा फुलला. "हा बघा तुमचा खण. वरच्या ओळीत पहिला. तीन रविवार रिकामा आहे. मी मोठीला म्हटलं होतं, त्यांना घेऊन ये, पण तुम्हाला ऑफिसचं काम फार."

त्या खणात एक कप होता. बाकीच्यांपेक्षा मोठा. मला लहान कप आवडत नाही हे त्यांनी पहिल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. मी फाइल पाठीमागे लपवायला गेलो, तेवढ्यात साहेब पुढे झाले.

"मी बॉयलर तपासणी अधिकारी. या उपकरणाबद्दल तक्रार आहे. कोण चालवतं हे?"

साडू उठला. "यंत्र माझं आहे."

"मालक नाही विचारला. चालवतं कोण?"

"मी," सासरे म्हणाले. त्यांनी हात एप्रनला पुसले. "बंद… बंद करावं लागेल का?"

उत्तर यायच्या आधीच त्यांची बोटं पाठीमागे एप्रनची गाठ सोडायला लागली होती. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. साहेबाने नुसतं पाहिलं की हात आपोआप टेबल आवरायला लागतात. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला फाइलसकट पोटात घ्यावं.

"थांबा," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून फाइल ओढून अर्ज मोठ्याने वाचला. 'ज्येष्ठ नागरिकांच्या जीवितास' आल्यावर सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"कोण हा जागरूक नागरिक?" साडू लाल झाला. "इमारतीतला दिसतोय. बघू तो कागद!"

साहेबांनी कागद पुढे केला, आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मी तो परक्या नजरेने पाहिला. डाव्या बाजूला खाली, अगदी कोपऱ्यात, निळ्या शाईत माझी लघुस्वाक्षरी होती. बावीस वर्षं जो कागद मी टाइप केला, त्याच्या त्या कोपऱ्यात मी दोन अक्षरं खरडत आलो. मसुदा कुणी केला ते साहेबांना कळावं म्हणून तशी पद्धतच आहे. डोकं निनावी अर्ज लिहीत होतं, हात नोकरी करत होता. साहेबांच्या नजरेला ती पडली नव्हती, कारण त्या कोपऱ्यात माझी अक्षरं नसती तरच त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं.

साडूने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. दातवाल्याला सरकारी कागदाचे कोपरे काय कळणार? "बाबा, तुम्ही बघा," तो म्हणाला. "तुम्हाला पाकिटावरची नुसती एक वेलांटी पाहून माणूस ओळखता यायचा ना?"

सासऱ्यांनी कागद घेतला. चष्मा वर सरकवला. त्यांची नजर ओळींवरून खाली आली, डावीकडे वळली आणि कोपऱ्यात थांबली. आता परगावी शिकणाऱ्या माझ्या मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, त्यांना पाठवलेल्या प्रत्येक पाकिटावर ती दोन अक्षरं त्यांनी पाहिली होती. यंत्रातून एक थेंब टपकला.

"टाइप केलंय सगळं," ते म्हणाले. "नाही ओळखता येत." आणि कागदाची व्यवस्थित घडी घालून, कोपरा आत जाईल अशी, त्यांनी तो फाइलमध्ये ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर साहेबांनी रीतसर तपासणी केली. साडूने यंत्र रिकामं केलं. आतलं पाणी सासऱ्यांच्या मापट्यात ओतलं, ते पाव लिटरही भरलं नाही.

"मग हे नऊ बार कुठून आले?" साहेबांनी विचारलं.

"ते पंपाचे," साडू म्हणाला. "पाणी तर उकळतसुद्धा नाही. नव्वदच्या आसपास असतं. वाफ नाही ढकलत, पंप ढकलतो."

"म्हणजे हा बॉयलरच नव्हे!" साहेब जरा हिरमुसले. मग माझ्याकडे वळले. "हेडक्लार्क, एवढ्या लहान भांड्याला सूट आहे. पोटकलम तुम्हाला आठवलं नाही?"

"नाही आठवलं, साहेब," मी म्हणालो. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी मानहानी मी प्रथमच स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतली.

साहेबांनी फाइलवर 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारला. सासऱ्यांनी एप्रनची गाठ पुन्हा बांधली आणि त्यांना कॉफी दिली. साहेबांनी ती दोन घोटांत संपवली, क्षणभर डोळे मिटले आणि "वा!" म्हणाले. निघताना ते सासऱ्यांना विचारत होते की रविवारी परक्या इमारतीतल्या माणसालाही खण मिळतो का. म्हणजे आता माझा साहेबही गेला.

शेजारी पांगले. सासरे दुसऱ्या गॅलरीत कपडा झटकायला गेले, मी मागोमाग गेलो.

"बाबा, ते पत्र…"

"जावईबापू," ते कपडा झटकतच म्हणाले, "निनावी पत्रावर सही करायची नसते."

"मला वाटलं, तुम्हाला माझी कॉफी आवडेनाशी झाली."

"अहो, कॉफी तुमचीच चांगली. ही मला सोसतसुद्धा नाही, एक पितो आणि दिवसभर पाणी पीत बसतो." त्यांनी कपडा दोरीवर टाकला. "पण तुमच्याकडे मी चौदा वर्षं पाहुणा होतो. तुम्ही उठूच देत नाही. उशी देता. इथं पहिल्याच दिवशी, तुम्ही निघाल्यावर, धाकटे जावई म्हणाले, बाबा, माझे हात भरलेत, जरा तो दांडा धरता का? घरी मी कुणासाठी काय करणार? इथं सकाळी आठला सहा माणसं माझी वाट बघतात."

एवढी साधी गोष्ट साडूला कळली होती आणि मला नाही, याचा मला त्याही स्थितीत हेवा वाटला. मी म्हणालो, "बुधवारी संध्याकाळी मोकळे आहात का? माझ्याकडे या. मला… जरा मदत लागेल."

बुधवारी ते आले ते पिशवी घेऊन. पिशवीत तराजू, घड्याळ आणि एप्रन. मी उशी उचलून कपाटात टाकली आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. मग बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसलो. बायको दारात उभी राहून आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहत होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते. मला उठावंसं वाटत होतं, पण मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

भुकटी त्यांनी तिकडचीच आणली होती, एस्प्रेसोची, पिठासारखी. फडक्यात ती गच्च बसली आणि पाणी खाली जाईना. मग त्यांनी फडकं पिळलं. हो, पिळलं. ते मला दिसलं आणि मी डोळे मिटून घेतले. वीस मिनिटांनी कॉफी आली. गढूळ, कोमट, वर तवंग आणि तळाशी चिखल.

ते माझ्यासमोर उभे राहिले, हात एप्रनला पुसत. "कशी झालीय?"

कॉफीच्या बाबतीत मी आयुष्यात कुणाशी खोटं बोललेलो नाही. मी एक घोट घेतला, तो गिळला आणि दातांत अडकलेली भुकटी जिभेने बाजूला केली.

"बाबा," मी म्हणालो, "साडूकडे अशी मिळत नाही."

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की बायकोने पदर तोंडाला लावला. ते खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसले, आत-बाहेर पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "धाकट्यांना मात्र हे सांगू नका हं. स्वभावाने चांगले आहेत, पण जरा मत्सरी आहेत."

मी गंभीरपणे मान हलवली आणि आणखी अर्धा कप मागितला.